इमेजजे: क्ष-किरण विभागातल्या संशोधनासाठी फुकट मिळालेली मोजपट्टी

एका जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी रुग्णालयात मी क्ष-किरण तंत्रज्ञ म्हणून काम करते आणि गेली काही वर्षे 'इमेजजे' हे प्रतिमा मोजण्याचे सॉफ्टवेअर विभागातल्या एका जुन्या संगणकावर वापरते आहे. या सॉफ्टवेअरबद्दल लिहिलेले पुष्कळ सापडते, पण ते बहुतेक सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणाऱ्या जीवशास्त्रज्ञांनी लिहिलेले असते. एक्स-रे आणि सिटी स्कॅन काढणाऱ्या माणसाच्या हाताला ते कसे लागते, त्याच्या आधाराने एखादा छोटा अभ्यास खरोखर उभा राहतो का आणि ते कुठे फसवते, हे मराठीत लिहिलेले माझ्या पाहण्यात आले नाही, म्हणून हा प्रपंच.

आमच्या पेशात 'संशोधन' हा शब्द निघाला की बहुतेक जण मान खाली घालून पुढच्या रुग्णाला हाक मारतात. ते रेडिओलॉजिस्टचे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे किंवा मोठ्या शहरातल्या संस्थांचे काम, आपण फोटो काढून द्यायचा, अशी समजूत आहे. आळस हे त्यामागचे कारण नाही. ज्या माणसाने दिवसभरात काढलेल्या प्रतिमांपैकी एकही प्रतिमा कधी आकड्यात पाहिलेली नाही, त्याला तिच्याविषयी प्रश्न पडणे अवघड असते. 'फोटो छान आला', 'जरा कच्चा आला', 'मॅडम ओरडल्या नाहीत म्हणजे बरा आला' एवढ्याच मापांवर आमची गुणवत्ता चालते. इमेजजेने माझ्या बाबतीत पहिली गोष्ट केली ती ही, की 'कच्चा' या शब्दाच्या जागी एक आकडा ठेवला.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ या सरकारी संस्थेत वेन रॅसबँड यांनी १९८७ साली मॅकिंटॉश संगणकांसाठी 'एनआयएच इमेज' नावाची प्रणाली लिहिली. १९९७ मध्ये त्यांनी तीच कल्पना जावा भाषेत नव्याने बांधली आणि जावातल्या 'जे' वरून तिला हे नाव पडले. ही प्रणाली सार्वजनिक मालकीची आहे. परवाना नाही, नोंदणी नाही, वर्षाअखेरीस नूतनीकरणाचा ईमेल नाही. ज्या विभागात प्रिंटरच्या शाईसाठीही तीन सह्या लागतात, तिथे या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. तिचीच 'फिजी' नावाची एक आवृत्ती आहे, जिच्यात अनेक पूरक साधने आधीच बसवलेली असतात. 'फिजी म्हणजे इमेजजेच' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ती आद्याक्षरे आहेत. नवख्याने फिजी घ्यावी असे माझे मत आहे, फक्त ती आकाराने बरीच मोठी असल्याने विभागातले इंटरनेट बरे चालत असेल त्या दिवशी उतरवून घ्यावी.

उतरवलेली फाइल उलगडली की काम झाले, रीतसर इन्स्टॉल करावे लागत नाही. रुग्णालयातल्या संगणकांचा ॲडमिन पासवर्ड बहुधा कुणाला ठाऊकच नसतो, त्यामुळे ही सोय आमच्यासाठी निर्णायक ठरली. विंडोजवर ती 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरमध्ये मात्र ठेवू नये, कारण तिथे लिहिण्याची परवानगी नसते आणि पुढे अपडेट अडतात. चालू केल्यावर पडद्यावर केवळ एक चिंचोळी पट्टी उगवते. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने तेव्हा 'एवढंच?' असे विचारले होते आणि आजही जो कोणी पहिल्यांदा पाहतो तो हेच विचारतो. मेनू सगळे इंग्रजीत आहेत, रचना जुन्या वळणाची आहे आणि देखणेपणाची अपेक्षा ठेवणाऱ्याची निराशा होईल.

डायकॉम फाइल, म्हणजे एक्स-रे, सिटी यांच्या प्रतिमा ज्या ठरलेल्या स्वरूपात साठवल्या जातात ती फाइल, त्या पट्टीवर ओढून सोडली की उघडते. ज्या फाइली दाबून लहान केलेल्या असतात त्या मूळ इमेजजे उघडत नाही, पण फिजीतल्या बायो-फॉरमॅट्स या साधनाने बहुतेक वेळा हा प्रश्न सुटतो. प्रतिमेवर गोल किंवा चौकोन काढून 'एम' हे बटण दाबले की त्या भागाचे क्षेत्रफळ, सरासरी मूल्य आणि, मापांच्या यादीत ते निवडून ठेवले असेल तर, प्रमाण विचलन तक्त्यात येते. 'टी' दाबले की तो गोल जपून ठेवला जातो आणि पुढच्या प्रतिमेवर नेमक्या त्याच जागी बसवता येतो. 'के' दाबले की काढलेल्या रेषेवरचा उजळपणाचा आलेख मिळतो. या तीन अक्षरांवर माझे पहिले सहा महिने निघाले.

सिटीच्या पाण्याच्या फँटमवर, म्हणजे यंत्र तपासण्यासाठी रुग्णाऐवजी ठेवायच्या पाणी भरलेल्या भांड्यावर, हे करून पाहावे, कारण तिथे उत्तर आधीच माहीत असते. सिटीतला उजळपणा ज्यात मोजतात त्या हौन्सफील्ड मापात पाणी शून्य आणि हवा उणे १०००. फँटमच्या मध्यभागी एक आणि घड्याळातल्या बारा, तीन, सहा व नऊ या जागांवर चार असे पाच गोल टाकावेत. पाचही सरासऱ्या शून्याच्या आसपास आणि एकमेकींच्या जवळ आल्या तर प्रतिमा एकसारखी आहे, आणि प्रमाण विचलन म्हणजे त्या प्रतिमेतला कणकणपणा, ज्याला आपण नॉइज म्हणतो. एमएएस (ट्यूबमधला विद्युतप्रवाह गुणिले वेळ, म्हणजे किती किरण दिले त्याचे माप) चौपट केले की हा नॉइज साधारण निम्म्यावर यायला हवा, असे आपण सगळे परीक्षेत लिहून आलेलो असतो. मी ते पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले ते नोकरीला बरीच वर्षे झाल्यावर, एका रविवारी दुपारी, सिटीवर कुणी नसताना. पाठ्यपुस्तकातले विधान स्वतःच्या यंत्रावर खरे ठरताना पाहणे, याला संशोधन म्हणता येणार नाही, हे खरे. पण त्या दुपारनंतर आमच्या विभागात 'मग डोक्याच्या स्कॅनला आपण इतके एमएएस का देतो?' हा प्रश्न निघाला, आणि तो तंत्रज्ञांच्या टेबलावर निघाला.

याच सॉफ्टवेअरचा माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग प्रतिमा मोजण्याचा नाहीच. डायकॉम फाइलच्या डोक्यावर जी माहिती लिहिलेली असते, ती 'आय' हे बटण दाबताच समोर येते: केव्ही (ट्यूबला दिलेला दाब), एमएएस, यंत्राचे नाव, वेळ, आणि डिजिटल एक्स-रेच्या बाबतीत एक्स्पोजर इंडेक्स, म्हणजे डिटेक्टरपर्यंत किती किरण पोचले हे सांगणारा आकडा. फिल्मच्या काळात एक्स्पोजर जास्त झाले तर फिल्म काळी पडायची आणि चूक सगळ्यांना दिसायची. डिजिटल डिटेक्टरवर जास्त एक्स्पोजरची प्रतिमा उलट अधिक स्वच्छ दिसते, म्हणून कुणी तक्रार करत नाही आणि हळूहळू सगळा विभाग गरजेपेक्षा जास्त मात्रा देऊ लागतो. हे ओळखता यावे म्हणून आंतरराष्ट्रीय मानकाने डेव्हिएशन इंडेक्स नावाचा आकडा ठरवून दिला आहे. तो शून्य आला तर एक्स्पोजर लक्ष्याइतके, अधिक एक आला तर सुमारे २६ टक्के जास्त, अधिक तीन आला तर जवळजवळ दुप्पट. आपल्या यंत्रात हा आकडा बहुधा प्रत्येक प्रतिमेसोबत साठत असतो आणि कुणी तो वाचत नाही.

इमेजजेत मॅक्रो, म्हणजे एकदा लिहून ठेवलेल्या पायऱ्या आपोआप पुन्हा पुन्हा करून घेण्याची सोय आहे. डायकॉममधल्या प्रत्येक माहितीला एक क्रमांक असतो. एक्स्पोजर इंडेक्सचा ००१८,१४११ आणि डेव्हिएशन इंडेक्सचा ००१८,१४१३. हे क्रमांक देऊन वीसेक ओळींचा मॅक्रो लिहिला की फोल्डरमधल्या सगळ्या फाइली एकामागून एक उघडून त्यांचे आकडे एका तक्त्यात जमा होतात आणि तो तक्ता एक्सेलमध्ये नेता येतो. मला प्रोग्रामिंग येत नव्हते. यातला 'रेकॉर्ड' हा पर्याय आपण माउसने जे करतो त्याच्या ओळी आपोआप लिहून दाखवतो, त्यावरून मी शिकले, आणि अडले तिथे भाच्याची मदत घेतली. अशा रीतीने छातीच्या एक्स-रेंचे आकडे पाळीनुसार वेगळे केले तेव्हा आमच्या रात्रपाळीचे चित्र दिवसपाळीपेक्षा वेगळे दिसले. कारण शोधायला गेल्यावर कळले की रात्री एकटाच असलेला माणूस 'पुन्हा काढायला लागू नये' म्हणून जरा वाढवून देतो. त्यात दोष कुणाचा नव्हता, आणि आकडे नसते तर ही गोष्ट कुणी कबूलही केली नसती.

आता दगे सांगते, कारण ते सगळे मी स्वतः खाल्ले आहेत.

पहिला दगा जेपीईजीचा. आमच्या पहिल्यावहिल्या अभ्यासासाठी मी व्ह्यूअरमधून, म्हणजे विभागात प्रतिमा पाहण्याच्या सॉफ्टवेअरमधून, प्रतिमा जेपीईजी करून घेतल्या आणि दोन आठवडे त्यांच्यावर नॉइज मोजत बसले. मूळ प्रतिमेत १२ बिट असतील तर राखाडीच्या ४०९६ पायऱ्या असतात आणि जेपीईजीत त्या २५६ उरतात, शिवाय फाइल लहान करताना नॉइजच पुसला जातो. म्हणजे जे मोजायचे तेच मी आधी धुऊन टाकले होते. ते सगळे काम टाकून द्यावे लागले. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतिमेवर मोजमाप करणाऱ्या विद्यार्थ्यांना हे मी आवर्जून सांगते.

दुसरा दगा अधिक लबाड आहे. ब्राइटनेस बदलण्याच्या खिडकीत 'अप्लाय' नावाचे बटण असते. प्रतिमा डोळ्यांना बरी दिसावी म्हणून सरकपट्टी हलवली तर आतले आकडे बदलत नाहीत, पण 'अप्लाय' दाबले की ते कायमचे बदलतात. आपण व्ह्यूअरवर दिवसभर विंडोइंग करतो, म्हणजे राखाडीचा कोणता पट्टा दाखवायचा ते बदलतो, तेव्हा आकड्यांना धक्का लागत नाही, त्या सवयीने हात इथेही तेच करतो आणि चूक होते. १६ बिटची प्रतिमा ८ बिट करतानाही पडद्यावर त्या क्षणी जी विंडो असेल तिच्या हिशोबाने आकडे दाबले जातात. त्यात 'अनडू' फक्त एकच पायरी मागे नेतो. 'रिव्हर्ट' हा पर्याय मूळ फाइल पुन्हा उघडतो, तोच वापरावा, आणि मूळ फाइलींची प्रत नेहमी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी.

तिसरा सॉफ्टवेअरचा दोष नाही, पण त्याच्यामुळे लपतो. डायकॉममध्ये डिटेक्टरवरच्या शेजारशेजारच्या दोन बिंदूंमधले अंतर लिहिलेले असते, त्यामुळे इमेजजे लांबी मिलिमीटरमध्ये सांगते आणि आपण ती खरी धरून चालतो. एक्स-रे म्हणजे सावली आहे. ट्यूब १८० सेंटिमीटरवर आणि हृदय डिटेक्टरपासून २० सेंटिमीटरवर असेल तर सावली १८० भागिले १६०, म्हणजे १.१२५ पट मोठी पडते आणि १२ सेंटिमीटरचे हृदय १३.५ दिसते. तेच ट्यूब १०० सेंटिमीटरवर आणली तर १५ दिसते. म्हणून वॉर्डातले पोर्टेबल फोटो आणि विभागातले फोटो एकाच तक्त्यात मिसळणाऱ्या अभ्यासावर विश्वास ठेवू नये.

आणखी एक सावधगिरी डिजिटल एक्स-रेच्या प्रक्रियेची. पॅक्समध्ये, म्हणजे रुग्णालयाच्या प्रतिमा साठवण्याच्या प्रणालीत, जाते ती प्रतिमा कंपनीच्या प्रणालीने कडा उठावदार करून, काळे-पांढरे समतोल करून सजवलेली असते. तिच्यावर नॉइज मोजला तर आपण डिटेक्टर मोजत नाही, ती सजावट मोजतो. कच्ची प्रतिमा यंत्राच्या सर्व्हिस मेनूतून काढता येते का, हे इंजिनिअर आला की त्याला विचारून ठेवावे. ती मिळत नसेल तर नॉइजचा अभ्यास सोडून एक्स्पोजर इंडेक्सचा करावा, तोही कमी मोलाचा नाही.

रुग्णाच्या नावाबद्दल स्वतंत्रपणे लिहावे लागेल. अनेकांना वाटते की डायकॉमची टिफ फाइल केली की नाव गेले. इमेजजे टिफ साठवताना डायकॉमची सगळी माहिती सोबत साठवते, त्यामुळे 'आय' दाबल्यावर रुग्णाचे नाव, वय, नोंदणी क्रमांक जसेच्या तसे दिसतात. सोनोग्राफीच्या प्रतिमेत तर नाव चित्रातच छापलेले असते. म्हणून विभागाबाहेर जाणारी प्रत्येक फाइल आधी वेगळ्या साधनाने निनावी करावी आणि मग इमेजजेत उघडून तपासावी. आम्ही एका वहीत अभ्यास-क्रमांक आणि नोंदणी क्रमांक यांची जोडी लिहितो आणि ती वही विभागप्रमुखांच्या कपाटात राहते.

नैतिकता समितीचे नाव काढले की तंत्रज्ञ पाऊल मागे घेतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, ज्यात रुग्णाची ओळख जोडलेली नाही असा निनावी माहितीसाठा आणि संस्थेतल्या गुणवत्तेची तपासणी अशा कामांना पूर्ण पुनरावलोकनातून सूट मिळू शकते. पण ती सूट आपण स्वतःला द्यायची नसते, समितीने द्यायची असते. दोन पानी अर्ज, कोणते आकडे घेणार आणि नावे कशी काढणार याचा एक परिच्छेद, एवढ्याने आमचे पहिले पत्र मिळाले. रुग्णालयात समितीच नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी बोलावे लागते, आणि त्यासाठी सोबत एखादा रेडिओलॉजिस्ट असलेला बरा.

आता तुलना. घनफळ मोजायचे असेल, मूत्रपिंड किंवा गाठ सिटीच्या काप-कापातून कोरून त्रिमितीय करायची असेल, तर इमेजजेचा हट्ट धरू नये. त्यासाठी 'थ्रीडी स्लाइसर' हे मोफत सॉफ्टवेअर कितीतरी समर्थ आहे. ते बोस्टनमधल्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटल आणि एमआयटी यांच्या कामातून उभे राहिले. त्याला संगणक मात्र दमदार लागतो, आमच्या संगणकावर ते उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. संख्याशास्त्रासाठी इमेजजे जवळजवळ निरुपयोगी आहे. दोन तंत्रज्ञांनी घेतलेली मापे किती जुळतात हे पाहायला मी ॲमस्टरडॅम विद्यापीठातले 'जास्प' हे मोफत साधन वापरते. आणि यांपैकी एकाही साधनाचा आकडा रुग्णाच्या रिपोर्टमध्ये जाता कामा नये. ही संशोधनाची हत्यारे आहेत, निदानासाठी मान्यता मिळालेली उपकरणे नाहीत. कॉब कोन, म्हणजे पाठीच्या कण्याचा बाक, मोजून ऑर्थोपेडिकच्या डॉक्टरांना तोंडी सांगण्याचा मोह मलाही झाला होता.

संशोधनात मोडणारे, पण इमेजजेची गरजच न लागणारे एक काम आहे, तेही इथेच नोंदवते. रद्द केलेल्या प्रतिमांचे विश्लेषण. किती फोटो पुन्हा काढले, कोणत्या भागाचे आणि का, हे यंत्राच्या नोंदीतून काढून एक्सेलमध्ये मांडले की झाले. अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ च्या अहवालात एकूण ८ टक्के हे लक्ष्य आणि १० टक्के ही चौकशी सुरू करण्याची मर्यादा सुचवली आहे. फार कमी प्रमाण दिसले तरी संशय घ्यावा, कारण त्याचा अर्थ बरेचदा असा असतो की वाईट प्रतिमाही पुढे पाठवल्या जात आहेत किंवा रद्द केलेल्या कुणी पुसून टाकल्या आहेत. नवख्या विभागाने सुरुवात इथून करावी.

सॉफ्टवेअर फुकट असले तरी त्याचा खरा खर्च वेळात द्यावा लागतो, आणि तिथे आमच्यासारख्यांची अडचण होते. पाळीत संशोधनासाठी तास राखून ठेवलेला नसतो. मी जे केले ते जेवणाच्या सुटीत आणि रविवारी केले, आणि दोन लहान मुले घरी असणाऱ्या सहकाऱ्याकडून तशी अपेक्षा करणे मला बरोबर वाटत नाही. आठवड्यातले दोन तास विभागप्रमुखांनी लेखी दिले तर या सॉफ्टवेअरचा उपयोग दुप्पट होईल, आणि न दिले तर कोणतेही सॉफ्टवेअर आणून फरक पडणार नाही. २०२१ च्या कायद्याने आमच्या पेशाला राष्ट्रीय आयोगाच्या छताखाली आणले आहे. त्याचा परिणाम पाळीच्या तक्त्यावर दिसेल तेव्हा मी त्याचे अधिक कौतुक करीन.

दुसरी अडचण नावाची आहे. मापे तंत्रज्ञाने घ्यायची आणि लेखाच्या शेवटी 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' या ओळीत त्याची बोळवण करायची, ही रीत जुनी आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपदाचे निकष चार आहेत: कामात भरीव वाटा, मसुदा लिहिण्यात किंवा सुधारण्यात सहभाग, अंतिम मजकुराला संमती आणि उत्तरदायित्व. नुसती मापे घेतल्याने माणूस लेखक होत नाही, हे मान्य. पण मसुदा वाचायलाच दिला नाही तर उरलेले तीन निकष पुरे करण्याची संधीच त्याला मिळत नाही. म्हणून मी अभ्यास सुरू होण्याआधीच, कोण काय करणार आणि मसुदा कोण वाचणार, हे एका कागदावर लिहून घेते. सुरुवातीला हे बोलायला संकोच वाटला. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी तो कागद वाचला, स्वतःच्या नावापुढे सही केली आणि 'पद्धती' हा भाग मलाच लिहायला सांगितला. इमेजजेच्या मॅक्रोमध्ये प्रत्येक पायरी लिहिलेली असल्यामुळे तो भाग लिहिणे मला सोपे गेले. हा त्या सॉफ्टवेअरचा असा गुण आहे जो कुठल्याच माहितीपत्रकात सापडत नाही.

गुण द्यायचेच तर मोजमापाच्या अचूकतेला आणि किमतीला पाचपैकी पाच, शिकण्याच्या सोयीला तीन, चुकीपासून वाचवण्याच्या काळजीला दोन. बी.पी.एम.टी.च्या (पॅरामेडिकल तंत्रज्ञानाच्या पदवीच्या) विद्यार्थ्यांनी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाआधी निदान महिनाभर फँटमच्या प्रतिमांवर हात बसवावा. ज्यांच्या विभागात अजून कॅसेट आणि सीआर, म्हणजे कॅसेटमधली पट्टी नंतर यंत्रात वाचून प्रतिमा मिळवण्याची जुनी पद्धत, आहे त्यांनीही बिचकू नये, डायकॉम फाइल तिथेही तयार होते. ज्यांना तयार उत्तर हवे आहे, बटण दाबले की निबंध हवा आहे, त्यांनी मात्र उतरवून घेण्याचा त्रास घेऊ नये.

आमच्याकडे गेल्या वर्षी रुजू झालेल्या मुलाने परवा विचारले की पोर्टेबलच्या फोटोत ग्रिड (विखुरलेले किरण अडवणारी जाळी) लावलेली आणि न लावलेली अशा प्रतिमा वेगळ्या करून डेव्हिएशन इंडेक्स पाहिला तर काय दिसेल. मी त्याला मॅक्रोची फाइल दिली आहे, आणि ग्रिड लावली की नाही हे आमच्या यंत्राच्या डायकॉममध्ये लिहिले जात नसल्यामुळे वॉर्डात जाताना सोबत वही न्यायला सांगितले आहे.